मावशीची बाल्कनी आणि गॅलिलिओची चूक

माझी मावशी आरे कॉलनीच्या अगदी कडेला राहते. तीन मजल्यांची जुनी सोसायटी, मागच्या बाजूला सगळी झाडी. संध्याकाळी सातनंतर ती मला एकटीला निघू देत नाही, कारण बिबट्या. तिच्या घरातली सगळ्यात लाडकी जागा म्हणजे मागची बाल्कनी. तिथे कपडे वाळतात, पापड वाळतात, तुळस आहे, आणि पाणी जातं त्या दिवसांसाठी दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे. गेल्या पावसाळ्यात या बाल्कनीचं प्लास्टर पडायला लागलं, आत गंजलेली सळई दिसायला लागली, आणि शेवटी ती तोडून नवी टाकायचं ठरलं.

रविवारी जेवायला गेले तेव्हा सेंटरिंग लागलेलं होतं, प्लायवर सळयांची जाळी बांधून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडणार होतं. मी वाकून बघितलं. जाळी सरळ प्लायवर झोपलेली. म्हणजे स्लॅब भरल्यावर सगळं लोखंड तळाशी.

"दादा, ही सळई वर नको का?"

"ताई, स्लॅबची सळई खालीच असते. तीस वर्षं हेच करतोय."

आता मी काही सिव्हिल इंजिनिअर नाही. एम.एस्सी. फिजिक्स करून आता पीएच.डी. करतेय. आणि गंमत म्हणजे माझं सगळं संशोधन एका टोकाला पकडलेल्या पट्टीच्या वाकण्यावरच आहे, फक्त ती पट्टी केसाएवढी असते. त्यामुळे मला उत्तर माहीत होतं, पण तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसासमोर ते बोलताना आवाज थोडा बारीकच झाला. त्यातून खोलीच्या स्लॅबबद्दल तो जे म्हणत होता ते बरोबर होतं. चूक बाल्कनीबद्दल होती. ही चूक का होते आणि ती ओळखायला माणसाला जवळजवळ दोनशे वर्षं का लागली, हे आज सांगते.

आधी एक खोडरबर घ्या. लांबट, पांढरा. त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या समांतर रेघा मारा, दोन-दोन मिलिमीटरवर. आता दोन्ही टोकं बोटांवर टेकवून मधे दाबा. तळाशी रेघा एकमेकींपासून लांब गेल्या, वरच्या बाजूला जवळ आल्या. म्हणजे खालचा भाग ताणला गेला आणि वरचा दाबला गेला. मधे कुठेतरी एक थर असा आहे की तो ना ताणला जातो ना दाबला जातो, फक्त वळतो. त्याला उदासीन अक्ष म्हणतात. ही तुमची खोलीची स्लॅब. दोन्हीकडे भिंत किंवा बीम, मधे तुम्ही उभे.

आता तेच खोडरबर एका टोकाला घट्ट धरा आणि मोकळं टोक खाली दाबा. सगळं उलटं झालं. ताण वर, दाब खाली. ही बाल्कनी.

काँक्रीट दाब मजेत सहन करतं, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच. म्हणून जिथे ताण तिथे लोखंड. आर.सी.सी.ची मूळ कल्पना एवढीच आहे. पॅरिसकडच्या मोनिए नावाच्या माळ्याने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं, पण सळई नेमकी ताणाच्या बाजूला हवी हे गणितात बसवलं ते जर्मन इंजिनिअर कोएनेनने, १८८६ मध्ये. म्हणजे खोलीत सळई खाली आणि बाल्कनीत वर. खाली ठेवली तर ती तिथे आहे, पण कामाला नाही. सुरक्षारक्षक मागच्या गेटवर बसवायचा आणि चोर पुढून यायचा, तसं.

हे ऐकायला इतकं सोपं वाटतं की कोणालाही सुचेल. पण गॅलिलिओला सुचलं नाही.

१६३८ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला नजरकैदेत असताना गॅलिलिओचं दोन नव्या विज्ञानांवरचं पुस्तक हॉलंडमध्ये लायडनला छापलं गेलं. त्या दोन विज्ञानांपैकी एक म्हणजे वस्तू कशा तुटतात याचं. त्यात एक प्रसिद्ध चित्र आहे: पडक्या भिंतीतून बाहेर आलेलं लाकडी वासं आणि त्याच्या टोकाला आकड्याला टांगलेलं वजन. नीट बघितलं तर ती मावशीची बाल्कनीच आहे.

गॅलिलिओने विचार असा केला. वासं तुटताना ते भिंतीजवळच्या खालच्या कडेवर, बिजागरीवर फिरावं तसं फिरणार. आणि कापाच्या जागेवरचे सगळेच्या सगळे धागे, वरपासून खालपर्यंत, सारख्याच जोराने त्याला धरून ठेवणार. यावरून त्याने काढलं की वाश्याची ताकद रुंदीच्या पटीत आणि उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. हे शंभर टक्के बरोबर आहे. पट्टी आडवी धरली तर लवते, उभी धरली तर ढिम्म हलत नाही, त्याचं कारण हेच. ३ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड प्लॅस्टिकची पट्टी उभी केली तर तिची ताकद १० पट होते आणि ताठपणा १०० पट. घरातल्या तुळया उभ्या असतात, आडव्या नाही, ते उगाच नाही.

पण आकडा चुकला. सगळे धागे सारखे ताणले जात नाहीत. सगळ्यात वरचा सगळ्यात जास्त ताणला जातो, मधल्यावर शून्य, आणि खालचे तर चक्क दाबले जातात. खरं गणित केलं तर ताकद गॅलिलिओच्या आकड्याच्या एक तृतीयांश येते. म्हणजे लाकूड सरळ ओढून किती जोराला तुटतं ते मोजायचं, त्यावरून गॅलिलिओच्या पद्धतीने वाश्यावर किती वजन टांगता येईल ते काढायचं, आणि त्यावर विश्वास ठेवून वजन टांगायचं, तर तुम्ही तिप्पट फसता. त्या काळी कोणी गणितावर घरं बांधत नव्हतं, सुतार अंदाजाने जाड वासे घालत होते, म्हणून निभावलं.

मला या गोष्टीत आवडतं ते हे की पुढची माणसं उत्तराच्या अगदी जवळ येऊनही निसटत राहिली. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये लिहिलं की स्प्रिंग जितकी ओढाल तितक्या प्रमाणात जोर लागतो, आणि वाकलेल्या लाकडाची बाहेरची बाजू लांबते, आतली आखडते हेही त्याने दाखवलं. सगळं साहित्य ओट्यावर मांडलेलं होतं, फक्त आमटी झाली नाही. फ्रान्समध्ये मारिओतने लाकडाच्या आणि काचेच्या दांड्या तोडून बघितल्या, गॅलिलिओचा आकडा जास्त येतो हे त्याच्या लक्षात आलं, पण स्वतःचं गणित करताना तोही घसरला. १७१३ मध्ये पारां नावाच्या माणसाने ताण आणि दाब यांचा हिशोब बरोबर लावला. त्याच्याकडे कोणी लक्षच दिलं नाही. साठ वर्षांनी, १७७३ मध्ये, कूलॉमने (हो, विजेच्या नियमवालाच, तो मुळात लष्करी इंजिनिअर होता) तेच पुन्हा स्वतंत्रपणे मांडलं. आणि शेवटी १८२६ मध्ये नाव्हिएच्या व्याख्यानांच्या पुस्तकात ते अशा रूपात आलं की इंजिनिअर ते वापरू शकतील. १६३८ ते १८२६. मोजा.

(नाव्हिएचं नशीब असं की त्याच सुमाराला पॅरिसमधला त्याचा झुलता पूल पूर्ण व्हायच्या आधीच पाडावा लागला. वाकण्याच्या सिद्धांतामुळे नाही. साखळ्या ज्या पायात अडकवल्या होत्या तो जमिनीत हलला.)

मधल्या काळात गणिती लोकांची वेगळीच वाट चालू होती. याकोब बर्नुलीने वाकलेल्या पट्टीचा आकार काय असतो हा प्रश्न घेतला. मग त्याचा पुतण्या डॅनिएल आणि डॅनिएलचा मित्र ऑयलर यांनी १७४०च्या दशकात तो पुढे नेला. त्यातून जे समीकरण आलं त्याला आज ऑयलर-बर्नुली म्हणतात, आणि ते मी रोज वापरते. ते म्हणतं काय, तर एखाद्या ठिकाणी पट्टी किती वळेल ते तिथल्या वाकवणाऱ्या जोरावर अवलंबून आहे, भागिले दोन गोष्टींचा गुणाकार: पदार्थ किती ताठ आणि आकार किती ताठ. दुसरी गोष्ट माझी आवडती, कारण तिच्यात पदार्थ येतच नाही, फक्त भूमिती. माल मधल्या थरापासून जितका लांब, तितका जास्त उपयोगी.

याचं सर्वात सुंदर उदाहरण आरेतच उभं आहे, बांबू. ८ सेंटिमीटर व्यासाचा, १ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीचा बांबू घ्या. तेवढ्याच मालाची भरीव काठी केली तर तिचा व्यास होईल ५.३ सेंटिमीटर. हिशोब केला तर पोकळ बांबू त्या भरीव काठीपेक्षा साडेतीन पट ताठ निघतो. मधला माल नुसता वजन वाढवत होता, तो उचलून बाहेर नेऊन ठेवला. पोकळ नळीची एकच अडचण, वाकवली की ती चपटी होते आणि मग मटकन मोडते. सरबताची स्ट्रॉ वाकवून बघा. बांबूची पेरं हे चपटं होणं अडवतात. पाड्यावरच्या एका काकांना मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणून तर पेराजवळ टेकवायचा." त्यांना साडेतीन पट माहीत नव्हतं, मला कुठे टेकवायचा ते माहीत नव्हतं.

आता माझी पट्टी. मी ज्या सूक्ष्मदर्शकावर काम करते त्यात प्रकाश वापरून बघत नाहीत, तर सिलिकॉनच्या एका बारीक पट्टीने पृष्ठभाग चाचपतात. तिची लांबी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दीडेक पट. रुंदी ३०, जाडी ४. एका टोकाला पकडलेली, दुसऱ्या टोकाला सुई. पृष्ठभागाचे अणू सुईला ओढतात किंवा ढकलतात, पट्टी वाकते, आणि किती वाकली ते लेझरने मोजतात. त्यावरून जोर काढायचा तर पट्टीचा ताठपणा माहीत हवा. आणि इथे माझी अर्धी पीएच.डी. अडकली आहे, कारण ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. पट्टी ४ ऐवजी ४.४ मायक्रोमीटर निघाली, फक्त दहा टक्के जास्त, तर ताठपणा तेहतीस टक्क्यांनी वाढतो आणि माझी सगळी मोजमापं तेवढ्याने चुकतात. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून मी पहिल्या वर्षाचे चार महिने घालवले. त्यावर पुन्हा कधीतरी.

थोडक्यात, जाडीतली छोटी चूक मोठी होऊन बाहेर पडते हे मी अंगावर घेतलेलं आहे. म्हणूनच मावशीकडे ती जाळी बघून पोटात गोळा आला.

बाल्कनीत नेमकं काय होतं बघा. ५ इंची, म्हणजे १२५ मिलिमीटर जाड स्लॅब धरा. सळई वरून २० मिलिमीटर आत असेल तर तळापासून ती साधारण १०० मिलिमीटरवर येते. ताकद ठरते ती या अंतरावर, स्लॅबच्या एकूण जाडीवर नाही. आता समजा जाळी वरच बांधली, पण भरताना माणसं घमेली घेऊन तिच्यावरून चालली आणि ती ४५ मिलिमीटर खाली दबली. राहिलं ५५. ताकद जवळजवळ निम्मी. आणि बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. वर टाइल्स, खाली प्लास्टर, रंग. जाळी मुळातच तळाशी असेल तर पाव ताकदही धरू नका, कारण वर चीर पडली की तिला धरून ठेवायला तिथे काहीच नाही. खोलीची स्लॅब तुटायच्या आधी सहसा लवते, चिरा दाखवते, आणि तिला दुसऱ्या बाजूचा आधार असतो. बाल्कनीला एकच आधार. भारतीय मानक ४५६ मध्ये लांबी आणि जाडीचं गुणोत्तर दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबला २० पर्यंत चालतं, बाल्कनीसारख्या बाहेर काढलेल्या स्लॅबला फक्त ७.

मुंबईत राहून बाहेर काढलेल्या भागाबद्दल बोलताना अंधेरीचा गोखले पूल आठवणारच. ३ जुलै २०१८, सकाळी साडेसातच्या सुमाराला, पाऊस चालू असताना पुलाच्या कडेचा पादचारी भाग रुळांवर पडला. जखमी झालेल्यांपैकी दोघांचा नंतर मृत्यू झाला. चौकशीत दोन गोष्टी बोलल्या गेल्या: गंज, आणि त्या भागावर नंतर चढत गेलेलं वजन, केबल आणि पेव्हर ब्लॉक. दोन्ही गोष्टी मावशीच्या बाल्कनीत होत्या. वरच्या बाजूला ताण म्हणून चिरा वर पडतात, पाऊस वरूनच येतो, पाणी चिरांतून थेट सळईपर्यंत. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट उडवतं. आणि वजन? टाइल्सवर टाइल्स, कुंड्या, ड्रम. भरलेला ड्रम २०० किलोचा. भिंतीला चिकटून ठेवला तर त्याचा मध्य पाऊण-एक फुटावर येतो, कठड्याजवळ ठेवला तर तीन फुटांवर, म्हणजे वाकवणारा जोर तिप्पट-चौपट. तो कठड्याजवळच होता.

सोमवारचं काँक्रीट मी अडवलं. कसं ते सांगते, कारण माझ्या समीकरणांनी काही झालं नाही. मी कागदावर खोडरबराचं चित्र काढून दाखवलं. कॉन्ट्रॅक्टर हसला. मावशी म्हणाली, "त्यांना कळतं गं त्यांचं काम." मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं. जुनी बाल्कनी तोडल्यावर तिचा वीतभर तुकडा अजून भिंतीतून बाहेर होता आणि त्यातून गंजक्या सळयांची टोकं डोकावत होती. सगळी वरच्या बाजूला.

तो उकिडवा बसला, बोट लावून बघितलं. "तोडताना बघितलं होतं मी," तो म्हणाला, "पण डोक्यात नाही आलं." तीस वर्षांत त्याने खोल्यांच्याच स्लॅब जास्त टाकल्या होत्या. मला त्याच्याबद्दल राग नाही. पारांचं म्हणणं अख्ख्या फ्रान्सच्या डोक्यात साठ वर्षं आलं नाही.

मधे आणखी एक प्रकार होणार होता. कोणीतरी सुचवलं, सळई राहू दे खालीच, बाल्कनीच्या टोकाखाली दोन लोखंडी खांब कायमचे लावू. आणि इथे मला गॅलिलिओच्या त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट आठवली. एक मोठा संगमरवरी खांब दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. मधे तुटू नये म्हणून कोणीतरी हुशारी करून मधोमध तिसरा ओंडका घातला. काही महिन्यांनी खांब बरोबर त्या नव्या ओंडक्यावर तुटला. कडेचा एक ओंडका कुजून खाली बसला होता, त्यामुळे खांबाचं एक टोक हवेत लटकलं, आणि आधीच्या आधारावर ताण तळाला असता तो आता वर आला. टेकू लावला की ताण जागा बदलतो. पश्चिम द्रुतगती मार्गावरून जाताना आरे मेट्रो स्टेशनच्या आसपास वर बघा: बहुतेक ठिकाणी प्रत्येक खांबावर गर्डरला जोड आहे, एक सलग तुळई नाही. त्याचा एक फायदा हाच, एखादा खांब किंचित खचला तरी शेजारच्या गर्डरमध्ये नवा ताण येत नाही. मावशीकडे तर ते खांब खालच्या मजल्यावरच्यांच्या बाल्कनीवर उभे राहणार होते. म्हणजे आपलं संकट एक मजला खाली ढकलायचं.

शेवटी सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले. त्यांनी पाच मिनिटांत जाळी उचलायला सांगितली आणि त्याहून वाईट बातमी दिली: नुसती वर घेऊन भागणार नाही. वरची सळई खोलीच्या स्लॅबमध्ये आतपर्यंत गेली पाहिजे, बाहेर जितकी आहे त्याहून जास्त, नाहीतर ती भिंतीतून उपटून येईल. म्हणजे हॉलच्या टाइल्स फोडायच्या. मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग वाकवलेल्या सळयांच्या चेअर आल्या, जाळी त्यांच्यावर चढली, चालायला वेगळ्या फळ्या टाकल्या, आणि इंजिनिअर स्वतः पट्टी घेऊन तळापासून अंतर मोजत उभे राहिले. टेकू काढतानाही टोकाकडून भिंतीकडे काढायचे, उलट नाही. टोकाचा टेकू शेवटपर्यंत ठेवला तर मधल्या काळात बाल्कनी दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबसारखी वागते, आणि तेव्हा ताण तळाला येतो, जिथे आता लोखंड फारसं नाही.

तुमच्याकडे बाल्कनी, छज्जा, गॅलरी काहीही नवं टाकत असतील, तर काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी वाकून बघा आणि फोटो काढून ठेवा. नंतर बघायला काही उरत नाही.

ड्रम आता बाथरूममध्ये गेलाय, तुळस भिंतीला टेकून आहे. मावशी फोडलेल्या टाइल्सचा खर्च अजून माझ्या नावावर मांडते. हॉलमधल्या नव्या टाइल्सचा रंग जुन्यांशी जुळत नाही, आणि ते ती प्रत्येक पाहुण्याला दाखवते.